चोरी लपवली की चोराचं फावतं

पुण्याहून पौड रस्त्याने निघालं की भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकून आमचं कासार आंबोली येतं. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७ साली इथे सुरू झाली, त्यामुळे बऱ्याच जणींना गावाचं नाव तरी माहीत असेल. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भातखाचरांच्या कडेने बंगले उभे राहिले, पिरंगुटच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची घरं आली आणि त्या घरांत कॉम्प्युटरही आले. घराला आपण कुलूप लावतो, खिडक्यांना ग्रिल बसवतो, दारात कुत्रा बांधतो. हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मात्र काय घालतो? तर भरतकाम केलेलं कव्हर! धूळ बसू नये म्हणून.

हा कॉम्प्युटर नेमका कोणाचा, असं घरात विचारून बघा. मुलगा त्यावर गेम खेळतो, मुलीचे प्रोजेक्ट त्यावर होतात, नवऱ्याचं जीएसटीचं काम त्यावर चालतं, सासरे त्यावर पेन्शनचं बघतात आणि बचत गटाचा हिशेब आपण त्यावरच लिहितो. वापरायला तो सगळ्यांचा असतो. पण त्याची काळजी घ्यायची वेळ आली की तो कोणाचाच नसतो. आणि काही बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘याला शेवटी हात कोणी लावला होता?’

मैत्रिणींनो, आज मला या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे. ईमेलमधून होणारी फसवणूक, कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारे घातक प्रोग्रॅम यांच्या बातम्या आपण रोज वाचतो. वाचून झालं की पेपर बाजूला ठेवत म्हणतो, ‘लोक कसे काय फसतात बाई!’ या एका वाक्याने आपण चोराला केवढी मदत करतो, ते आपल्या लक्षात येत नाही.

शिकलेसवरलेलेही फसतात

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू. सप्टेंबर २०२२ मध्ये सिरम इन्स्टिट्यूटची १ कोटी १ लाख रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार बंडगार्डन पोलीस ठाण्यात नोंदवली गेली. सगळ्या जगाला लस पुरवणारी ही कंपनी. तिथे कुठलंही यंत्र कोणी फोडलं नव्हतं. कंपनीच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर मेसेज आले, ते कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने. अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा, एवढंच. साहेबांचा निरोप म्हणून पैसे भरले गेले. पूनावालांनी तसा मेसेज पाठवलाच नव्हता, हे नंतर कळलं.

हेच काम ईमेलवरून किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं, ते बघा. लिथुआनियातल्या एका माणसाने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांना खोटी बिलं ईमेलने पाठवली. बिलांवर नाव होतं तैवानच्या एका खऱ्याखुऱ्या पुरवठादार कंपनीचं. दोन्ही कंपन्यांनी मिळून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या खात्यांत भरली. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. आपण ज्यांचं ईमेल वापरतो, त्या गूगललाच ईमेलने फसवलं! आता बोला.

आणि कॉसमॉस बँक? १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांच्या आत २८ देशांतल्या एटीएममधून बँकेच्या बनावट कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये निघाले. आपल्या देशातही सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

हे घडलं कसं, ते समजायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. आपला वाणी उधारीवर माल देताना घरी फोन करून विचारतो, ‘देऊ का हो?’ समजा, मध्येच कोणीतरी तार जोडून तो फोन आपल्याकडे वळवला आणि प्रत्येक वेळी ‘द्या, द्या’ म्हणून सांगितलं, तर? एटीएमही पैसे देण्याआधी बँकेला असंच विचारतं. चोरांनी घातक प्रोग्रॅम बँकेच्या यंत्रणेत शिरवला आणि हा प्रश्न आपल्या खोट्या यंत्रणेकडे वळवला. ती प्रत्येक वेळी हो म्हणत गेली. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचं बँकेने तेव्हा जाहीर केलं, पण बँकेला एवढा मोठा फटका बसलाच. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की या ठिकाणी पगारी तज्ज्ञ बसलेले होते, हिशेब तपासणारे होते, वकील होते. तेही फसले. मग पोळ्या लाटता लाटता, मधेच हात पुसून मेल बघणाऱ्या बाईचं बोट चुकलं, तर तिला ‘अडाणी’ का म्हणायचं?

मेल नव्हे, मनाची नस

फसवणारा मेल कॉम्प्युटरच्या आधी आपल्या मनाची नस पकडतो. कधी भीती, ‘आज रात्री तुमचं खातं बंद होईल.’ कधी हाव, ‘तुमचा इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर झाला आहे.’ कधी नातं, ‘मावशी, मी परदेशात अडकलोय, पाकीट चोरीला गेलंय.’ आणि या सगळ्यांच्या जोडीला घाई असतेच. विचार करायला, कोणाला विचारायला वेळ मिळू नये म्हणून.

हे तंत्र किती पद्धतशीर असतं, ते आपल्याच राज्यात दिसलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले. तिथली तरुण मुलं-मुली अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आपण तिथल्या कर खात्याचे अधिकारी आहोत, पैसे भरा नाहीतर अटक होईल, अशी दमदाटी करत होती. काय बोलायचं ते त्यांना लिहून दिलेलं असायचं. घाबरून पैसे भरणारे अमेरिकन लोक काही निरक्षर नव्हते. आज ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांना, डॉक्टरांना, आजी-आजोबांना जे फोन येतात, ते याच तंत्राचे. कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगून ठेवा.

‘पण मेल तर ओळखीच्या माणसाकडून आला होता!’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. याचं उत्तर मे २००० मध्येच मिळालं होतं. ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेला एक मेल तेव्हा फिलिपिन्समधून निघाला आणि काही तासांत जगभर पसरला. सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल होती. ती उघडली की प्रोग्रॅम त्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या पत्त्यांवर तोच मेल परत पाठवायचा. म्हणजे प्रत्येकाला तो ओळखीच्याच माणसाकडून यायचा. आणखी एक गंमत होती. फाइलच्या नावाचं खरं शेपूट विंडोज लपवून ठेवायची, त्यामुळे तो प्रोग्रॅम साध्या मजकुराच्या फाइलसारखा दिसायचा. विंडोज आजही हे शेपूट आपणहून दाखवत नाही. फोल्डर उघडून ‘व्ह्यू’मध्ये जा आणि फाइलच्या नावाचं ‘एक्स्टेन्शन’ दाखवण्याची खूण करून ठेवा. बिल म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘डॉट ईएक्सई’ दिसलं, तर ते बिल नाही, प्रोग्रॅम आहे. उघडू नका.

मेलमधल्या लिंकचा पत्ता कसा वाचायचा, हेही एकदा शिकून घ्या. आपण पत्ता डावीकडून वाचायला लागतो आणि बँकेचं नाव दिसलं की समाधान मानतो. चोर बँकेचं नाव सुरुवातीलाच घालतो. खरं गाव कळतं ते पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीच्या शेवटच्या भागावरून. ‘बँकेचं नाव डॉट केवायसी डॉट भलतंच काहीतरी डॉट कॉम’ असं असेल तर ती जागा त्या भलत्याची. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तेव्हा बँकेचा पत्ता याच दोन शब्दांवर संपतो का, ते बघायचं. त्याहून सोपं म्हणजे मेलमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही. पत्ता स्वतः टाइप करायचा.

लपलेला पाहुणा

आता त्या लपून बसणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळू. पूर्वीचा व्हायरस आला की कळायचं. पडद्यावर चित्रं नाचायची, कॉम्प्युटर बंद पडायचा. आताचे बरेच प्रोग्रॅम आवाजच करत नाहीत. काही आपण दाबलेली प्रत्येक कळ लिहून घेतात. काही ब्राउझरमध्ये ‘लक्षात ठेव’ म्हणून साठवलेले सगळे पासवर्ड एका फटक्यात उचलून बाहेर पाठवतात. काही सगळ्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागतात. मुलाच्या बारशापासूनचे फोटो त्यात असले, तर काय होईल, ते सांगायला नको.

हे पाहुणे येतात कुठून? मेलच्या ॲटॅचमेंटमधून तर येतातच. शिवाय मुलाने गेमसाठी उतरवलेल्या फुकटच्या ‘क्रॅक’मधून येतात. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ‘वहिनी, सगळं टाकून देतो’ म्हणत जे चोरीचं सॉफ्टवेअर भरून जातो, त्यातून येतात. आणि फॉर्मची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात नेलेल्या पेनड्राइव्हवर बसूनही घरी येतात. तो पेनड्राइव्ह दिवसभरात किती कॉम्प्युटर फिरलेल्या मशीनला लागतो, विचार करा.

यावर पहिला उपाय कंटाळवाणा आहे, पण खरा आहे. कॉम्प्युटर ‘अपडेट’ मागतो तेव्हा त्याला ते करू द्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी ते केलं नव्हतं, ते सापडले. आपल्याकडच्या अनेक घरांत अजून विंडोज १० आहे. त्याला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. कॉम्प्युटर चालतोय म्हणजे सुरक्षित आहे, असं समजू नका. नवी विंडोज बसते का ते माहितगाराकडून बघून घ्या, आणि बसत नसेल तर निदान बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

दुसरा उपाय म्हणजे पहारेकरी. विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतोच, तो बंद केलेला नाही ना, एवढं तपासा. विकत घ्यायचा तर पुण्यातच तयार झालेला आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे दोघे भाऊ. थोरल्याचं पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून ‘क्विक हील’ उभी राहिली. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या वेबसाइटवर कॉम्प्युटर साफ करणारी साधनं मोफत मिळतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी काढता ना, तेव्हा हेही एकदा करून टाका.

पण पहारेकरी ठेवून भागत नाही. आपणच दार उघडून ‘या’ म्हटलं, तर तो काय करणार? आणि दार उघडून झाल्यावर आपण कसं वागतो, तिथेच माझ्या मते सगळी गोम आहे.

चार दिवसांची गप्प

आमच्या भागातल्या एक वहिनी. बचत गटाचा हिशेब त्या चोख ठेवतात, दहा बायकांचा त्यांच्यावर विश्वास. मागच्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांना बँकेच्या नावाने मेल आला, केवायसी आज पूर्ण करा, नाहीतर खातं गोठवलं जाईल. त्यांनी लिंक उघडली, माहिती भरली, मोबाइलवर आलेला ओटीपीही टाकला. दहा मिनिटांत ३८ हजार रुपये गेल्याचा मेसेज आला. स्वतःचे घरखर्चातून साठवलेले पैसे होते ते.

वहिनींनी काय केलं असेल? मेल पुसून टाकला. मेसेज पुसून टाकला. स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी भावाला फोन करून हळूच विचारलं, थोडे उसने मिळतील का. मंगळवारी रडू आवरेना, तेव्हा नवऱ्याला कळलं. बँकेत गेल्यावर दोन प्रश्न विचारले गेले, ‘ओटीपी तुम्हीच दिला ना?’ आणि ‘चार दिवस काय करत होतात?’ पैसे तोवर कुठच्या कुठे गेले होते. मेल पुसल्यामुळे दाखवायलाही काही उरलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं, ‘वहिनी, लगेच का नाही सांगितलंत?’ त्या म्हणाल्या, ‘अहो ताई, पैशांचं सोडा. उद्यापासून कॉम्प्युटरला हात लावू दिला नसता. गटाचं काम गेलं असतं हातचं.’

मैत्रिणींनो, हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. नवरा काही मारकुटा नाही, सासूबाई काही खाष्ट नाहीत. पण ‘तुला कोणी सांगितलं होतं नसत्या भानगडीत पडायला?’ हे वाक्य त्या घरात यापूर्वी कधीतरी बोललं गेलं होतं. गॅसवरचं दूध उतू गेल्यावर, स्कूटर घसरल्यावर, कशावरून तरी. त्या वाक्याच्या भीतीने चार दिवस गिळले.

घड्याळ कोणाच्या बाजूचं?

हे चार दिवस एवढे महत्त्वाचे का, ते नीट समजून घेऊ. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या-पाचव्या खात्यात ते फिरवतो आणि शेवटी एटीएममधून रोख काढतो. ही खाती बहुधा कमिशनच्या लालचीने दिलेली भाड्याची असतात. (‘तुमचं पासबुक महिनाभर द्या, दोन हजार देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परतवा. पोलीस पहिले येतात ते खातेदाराच्या घरी.) पैसे या साखळीत असेपर्यंतच अडवता येतात. यासाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने एक हेल्पलाइन सुरू केली. तिचा क्रमांक १९३०. या क्रमांकावर कळवलं की माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढे सरकले नसतील तर त्या खात्यात रोखून धरता येतात. रोख निघाली की मग हातात उरते ती फक्त तक्रार.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकातही घड्याळ मधोमध ठेवलेलं आहे. त्याचं सूत्र थोडक्यात असं. चूक बँकेची असेल, तर नुकसान ग्राहकाचं नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी झाली आहे, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तरीही ग्राहकावर भार नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर काही मर्यादेपर्यंत भार पडतो. आणि ग्राहकाने स्वतःच पासवर्ड, ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. अशा नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून आपल्या बँकेत जाऊन आजचा नियम विचारून घ्या. सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं होतं.

या सूत्रातला शेवटचा भाग पुन्हा वाचा. चूक तुमची असली तरीसुद्धा, तुम्ही कळवलंत त्या क्षणापासून पुढचं संरक्षण सुरू होतं. म्हणजे ज्या बाईला वाटतं, ‘माझीच चूक, आता कोणत्या तोंडाने सांगू?’ तिनेच तर सगळ्यात आधी सांगायला हवं. कारण खातं उघडं असेपर्यंत चोर परत परत हात घालू शकतो.

तक्रारीने काय होतं, याचं एक जुनं उदाहरण पुण्याचंच आहे. २००५ साली इथल्या एका कॉल सेंटरमधल्या काही जणांनी अमेरिकेतल्या बँक ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. ग्राहकांना खात्यात गडबड दिसली, त्यांनी बँकेला कळवलं आणि माग थेट पुण्यातल्या खात्यांपर्यंत आला. आरोपी पकडले गेले. त्या ग्राहकांनीही आपले गुप्त क्रमांक स्वतःच सांगितले होते. पण ते गप्प बसले नाहीत.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड हे कलम नेमकं याच तोतयेगिरीसाठी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसऱ्याचा पासवर्ड चोरून वापरण्यासाठी ६६ क आहे. शिक्षा चोराला सांगितली आहे. फसलेल्या बाईला कुठल्याही कलमात शिक्षा नाही. ती आपण घरात देतो.

मग करायचं काय?

आधी घरातलं बघू. कॉम्प्युटरवर मुलांचं खातं वेगळं करा, ज्याला नवे प्रोग्रॅम बसवायची परवानगी नाही. बँकेचे व्यवहार ज्या खात्यातून ऑनलाइन करता, त्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा. ठेवी, सोन्याचे पैसे दुसरीकडे. ईमेलचा पासवर्ड इतर सगळ्यांपेक्षा वेगळा आणि लांब हवा, कारण बाकीचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हटलं की नवे पासवर्ड याच पत्त्यावर येतात. म्हणजे ती किल्ल्यांची किल्ली. तिथे मोबाइलवरची दुसरी खात्री चालू करून ठेवा. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवा. कॉम्प्युटरला सतत जोडून ठेवली तर तिलाही कुलूप बसेल. आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, मी इथून दुरुस्त करतो’ असं फोनवर कोणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. त्याने सांगितलेलं ॲप घेतलं, म्हणजे घरच त्याच्या ताब्यात दिलं.

आणि हातून चूक झालीच, तर? पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडायचं. वायर काढा, वायफाय बंद करा. बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवा, मग १९३० लावा. पासवर्ड बदला, पण त्याच कॉम्प्युटरवरून नको, दुसऱ्या मोबाइलवरून. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. ‘ही आमची हद्द नाही’ असं आता पोलिसांना म्हणता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. आणि मेल, मेसेज काहीही पुसू नका. तो पुरावा आहे.

या यादीतलं पहिलं काम मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते म्हणजे घरातल्या कोणाला तरी लगेच हाक मारायची. आणि ज्याला हाक मारली, त्याने त्या वेळी एकच प्रश्न विचारायचा, ‘बँकेला फोन लावला का?’ कोणी केलं, का केलं, कशाला केलं, हे सगळं दुसऱ्या दिवशी चहा घेताना बोलता येईल. हे बंधूंनाही सांगते, आणि सुनेला, मुलीला, सासूला बोलणाऱ्या आपल्यालाही. कारण ओरडणारे काही फक्त पुरुष नसतात. नातवाने केलेली गडबड आजी लपवते, आजीने केलेली सून, आणि सुनेने केलेली कोणीच उघड करत नाही.

सिलिंडर बुक करायचा नंबर आपण स्वयंपाकघरात कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो ना? तसाच एक कागद कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर लावा. त्यावर १९३० लिहा, बँकेचा कार्ड थांबवण्याचा नंबर लिहा. आणि खाली मुलांकडून सुंदर अक्षरात लिहून घ्या, ‘जो पहिल्यांदा सांगेल, त्याला कोणी रागावणार नाही.’ खाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आजोबांचीसुद्धा.